शिट्टी, फिडल आणि बापांच्या पोरी

आमच्या जुन्या गाडीतल्या सीडी प्लेअरनं गेल्या महिन्यात एक सीडी गिळली ती गिळलीच. इजेक्टचं बटण दाबलं की आतून कुर्र कुर्र आवाज येतो, जरा आशा वाटते, आणि मग परत पहिल्या ट्रॅकपासून सुरू. नवऱ्यानं व्हिडिओ बघून बघून आत पातळ पट्टी घालून पाहिली, लेकीनं डॅशबोर्डला चापट्या मारून पाहिल्या, आणि मी, खरं सांगू का, फारसे प्रयत्न केलेच नाहीत. अडकलेली सीडी माझी आहे ना. लायब्ररीच्या सेलमधून एका डॉलरला उचललेली. तर गेले पाच आठवडे आमच्या घरात भाजी आणायला, शाळेत सोडायला, डेंटिस्टकडे, जिथे जाऊ तिथे आयर्लंडचं पारंपरिक संगीत वाजतंय, आणि वाजवणाऱ्या सगळ्या बायका.

आम्ही यॉन्कर्सला राहतो, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला अगदी खेटून. जवळच मॅक्लीन अव्हेन्यू म्हणून रस्ता आहे तो म्हणजे पक्की आयरिश पेठ, पब, बेकऱ्या, खिडक्यांत हिरवे झेंडे, दुकानात गेलं की "लव्ह" म्हणून हाक मारणाऱ्या आज्या. मी तिथे पहिल्यांदा गेले ती तुपासाठी. अमेरिकेतल्या निम्म्या मराठी बायकांना माहितीये की आयरिश बिनमिठाचं बटर कढवलं की तूप कसलं रवाळ आणि पिवळंधमक होतं. तर बटर घ्यायला जायचं आणि येताना शेजारच्या पबमधून काहीतरी भन्नाट वाजत असायचं, म्हणून पाय रेंगाळायचे. आयर्लंडशी माझी ओळख झाली ती अशी, तुपाच्या वाटेनं.

आता सीडीबद्दल. नाव 'चेरिश द लेडीज', खाली लिहिलंय अमेरिकेतल्या आयरिश स्त्री संगीतकार, साल १९८५, लेबल शॅनॅकी. (शॅनॅकी म्हणजे त्यांच्याकडचा पारंपरिक गोष्टीवेल्हाळ माणूस, गावातल्या वंशावळ्या आणि कथा तोंडपाठ असणारा.) नाव वाचून मी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. बायकांना जपा! म्हणजे एसटीतल्या 'महिलांसाठी राखीव' पाटीसारखंच वाटलं. कुणीतरी मोठ्या मनानं चार सीटा सोडल्यात, बसा तिकडे आणि वाजवा. पण ते तसं नाहीये. 'चेरिश द लेडीज' हे एका जुन्या जिगचं नाव आहे. जिग म्हणजे नाचाची चाल. फ्रान्सिस ओनील नावाचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा माणूस शिकागोत पोलिसप्रमुख झाला आणि त्यानं नोकरीबरोबर आयरिश वादक गाठून गाठून शेकडो चाली गोळा केल्या, त्याचं १९०७चं पुस्तक, हजार आणि एक चालींचं, आजही वादकांच्या घरात सापडतं, त्यातही ही जिग आहे. पोलिसप्रमुख आणि चाली गोळा करतोय! आपल्याकडे पोलिस स्टेशनात फार तर गणपतीत लाऊडस्पीकर किती वाजता बंद करायचा एवढाच संगीताशी संबंध.

बऱ्याच जिगना दोन भाग असतात, अस्ताई-अंतऱ्यासारखे समजा, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा की एक फेरी पुरी. या जिगला जास्त भाग आहेत, संपली संपली म्हणता आणखी एक दार उघडतं. लेकीला हेच आवडतं. ती मागच्या सीटवर बसून बोटांवर मोजते.

हा अल्बम निघाला कसा त्याची गोष्ट मला अल्बमइतकीच आवडते. मिक मलोनी म्हणून एक आयर्लंडमधल्या लिमरिकचा गडी, बॅन्जो वाजवायचा, गायचा, १९७०च्या दशकात अमेरिकेत आला, फिलाडेल्फियाला लोकसाहित्यात डॉक्टरेट केली आणि बाकी आयुष्य आयरिश अमेरिकन लोकांचं संगीत खणून काढण्यात घालवलं. २०२२ला गेला. तर त्याच्या लक्षात आलं की अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमध्ये जे सगळ्यात दमदार तरुण वादक निघतायत त्यात पोरीच पोरी आहेत. म्हणजे पूर्वी स्टेजवर बघावं तर सगळे टोप्या घातलेले बाप्ये, आणि आता ब्रॉन्क्समधून, शिकागोतून अशा पोरी येतायत की उन्हाळ्यात आयर्लंडला जाऊन तिथल्या स्पर्धा जिंकून परत येतात. मग १९८५च्या जानेवारीत त्यानं एका लोककला संस्थेबरोबर न्यूयॉर्कमध्ये फक्त बायकांच्या मैफिलींची मालिका ठेवली. तिकिटं भराभर संपली. त्यातून हा अल्बम, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्या वर्षीच्या निवडक लोकसंगीताच्या यादीत तो घेतला. मैफिली एकदाच करून मोकळं व्हायचं असा बेत होता, पण त्यातल्या काही जणींनी बँड केला, त्याच नावानं, आणि तो बँड चाळीस वर्षं होत आली तरी चालूच आहे. माणसं बदलली, म्हणजे बायका बदलल्या, पण मधोमध बसणारी एकच. जोनी मॅडन.

जोनी मॅडन ब्रॉन्क्सची. टिन व्हिसल (उभी धरून फुंकायची छोटी नळी) आणि बासरी वाजवते. वडील जो मॅडन आयर्लंडमधल्या पूर्व गॉलवेचे, अकॉर्डियनवाले, अमेरिकेत येऊन नोकरीधंदा करून शनिवार-रविवारी आयरिश लोकांच्या लग्नात आणि नाचांत वाजवायचे. आई तिकडच्याच क्लेअर जिल्ह्याची. म्हणजे घरी जेवणाच्या टेबलावर संगीत, पाहुणे म्हणून येणारे वादक. लहानपणी तिच्या हातात आधी दुसरी वाद्यं दिली, ती काही जमली नाहीत, मग व्हिसल हातात आली आणि तिथे गाडी रुळावर. शिकली जॅक कोएनकडे. ते पण पूर्व गॉलवेचेच, ब्रॉन्क्सला येऊन राहिलेले. म्हणजे गॉलवेच्या त्या एका कोपऱ्यातला जो काही खास डौल होता, सावकाश, थोडा झुलणारा, तो ब्रॉन्क्समध्ये एका पोरीच्या बोटांत जाऊन बसला. १९८४ मध्ये तिनं ऑल आयर्लंडची सीनियर व्हिसल स्पर्धा जिंकली, अमेरिकेतल्या माणसानं ती जिंकायची पहिलीच वेळ.

व्हिसल म्हणजे शिट्टी हं. याच्यावर मी फार हसले. कारण आमच्या आजीचा ठाम नियम होता, पोरींनी शिट्टी वाजवायची नाही, घरात दारिद्र्य येतं. आणि तिकडे पण जुनी म्हण आहे की शिट्टी घालणारी बाई आणि आरवणारी कोंबडी दोन्ही कुणाच्या भल्याच्या नाहीत. आपल्याकडे कोंबडं झाकलं तरी उजाडतं, तिकडे कोंबडी आरवली तरी गहजब. सात समुद्र मध्ये असून आज्यांचं एकमत.

पण मग बायका वाजवत नव्हत्या का आधी? वाजवत होत्या की. इथेच मला खरा रस आहे आणि इथेच मी जरा लांबण लावणार आहे.

क्लेअर जिल्ह्यात कॉन्सर्टिना म्हणून वाद्य फार चालतं, हातात मावेल एवढी षट्कोनी पेटी, दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये भाता. आपल्या बाजाच्या पेटीची लांबची भाची म्हणा, आत त्याच जातीच्या धातूच्या पट्ट्या थरथरतात. ही कॉन्सर्टिना तिकडे बायकांचं वाद्य मानत, आयरिशमध्ये तिला बायकांचं अकॉर्डियन अशा अर्थाचं नाव पण आहे. चुलीशेजारी भिंतीत कोनाडा असायचा त्यात ठेवलेली. संध्याकाळी शेजारपाजारचे जमले की स्वयंपाकघरातल्या फरशीवर नाच, आणि वाजवणारी घरचीच बाई. एलिझाबेथ क्रॉटी म्हणून किलरशची एक बाई होती, १८८५चा जन्म, नवऱ्याबरोबर पब चालवायची, सगळे तिला मिसेस क्रॉटीच म्हणायचे. म्हातारपणी रेडिओवाल्यांनी तिला रेकॉर्ड केलं म्हणून आज आपल्याला तिचा आवाज, म्हणजे तिच्या पेटीचा आवाज, ऐकता येतो. मी ऐकलाय. काही घाई नाही, काही मिरवणं नाही, बाई जणू पीठ मळता मळता वाजवतेय.

मग १९३५ला आयर्लंडमध्ये एक कायदा आला, सार्वजनिक नाचाला लायसन पाहिजे. कायदा हॉलसाठी होता पण गावच्या पाद्र्यांनी आणि पोलिसांनी त्याचा आधार घेऊन घरातले नाच पण बंद पाडले. अनैतिक म्हणे. झालं, संगीत स्वयंपाकघरातून उठलं आणि आधी चर्चच्या हॉलमध्ये आणि पुढे हळूहळू पबमध्ये जाऊन बसलं, आणि त्या काळात पबमध्ये बाईमाणूस बसणं म्हणजे चर्चेचा विषय. म्हणजे बघा, बायकांना वाजवायला कुणी बंदी घातलीच नाही. नुसती जागा हलवली. जिथे त्या होत्या तिथून बैठक उचलून जिथे त्या जाऊ शकत नव्हत्या तिथे नेऊन मांडली, आणि वीस-तीस वर्षांनी लोक म्हणायला मोकळे की आमच्याकडे बायका फारशा वाजवत नाहीत बुवा. शिवाय लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायचा नियम तिकडे १९७३पर्यंत होता, तर लग्नानंतर बँडबरोबर रात्री-बेरात्री गावोगाव फिरू कोण देणार.

ब्रॉन्क्समध्ये ही भानगड नव्हती. नव्हती म्हणजे, पब होतेच, पण पोरांना शिकवायचं काम पबमध्ये होत नव्हतं, ते होत होतं बैठकीच्या खोल्यांमध्ये आणि चर्चच्या तळघरातल्या क्लासांमध्ये. मार्टिन मलव्हिहिल म्हणून लिमरिकचे एक शिक्षक होते, त्यांनी ब्रॉन्क्समध्ये आणि आजूबाजूला इतकी पोरं तयार केली, आयलीन आयव्हर्स त्यांचीच. तिचे आईवडील मेयोचे, ती १९६५ला न्यूयॉर्कमध्ये जन्मली, फिडल म्हणजे व्हायोलिनच, ते शिकली, ऑल आयर्लंडच्या स्पर्धा नऊ वेळा मारल्या, या बँडच्या सुरुवातीच्या मंडळींत होती आणि पुढे रिव्हरडान्स या आयरिश नाचाच्या शोमध्ये निळं इलेक्ट्रिक फिडल घेऊन नाचत वाजवणारी बाई म्हणून जगभर गाजली. आईबापांना वाटायचं की पोरांनी आपलं काहीतरी धरून ठेवावं. मुलगे बेसबॉल खेळायला पळायचे (हे माझं मत, संशोधन नाही), मुली क्लासला बसायच्या. आपल्याकडे बे एरियात आणि न्यू जर्सीत भरतनाट्यमच्या क्लासला कोण असतं बघा आणि सांगा मला.

मलोनीनं याच सुमाराला बाप आणि लेकी यांचा पण एक वेगळा अल्बम केला होता. नावच ते, बाप आणि लेकी. ते वाचलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं बसले होते.

माझे बाबा तबला वाजवतात. सांगलीकडचं आमचं गाव, भजनी मंडळ, दर गुरुवारी देवळात आणि श्रावणात रोज. त्यांनी दादाला तबला शिकवला. मला नाही शिकवला. नाही म्हणजे नाही म्हणाले पण नाहीत, विषयच निघाला नाही कधी. बुधवारी संध्याकाळी ते दादाला घेऊन बसायचे आणि मी आतल्या खोलीत चपात्या शेकत सगळे बोल ऐकायचे, दादा चुकला की मला आधी कळायचं, तव्यावर चिमटा थांबायचा माझा. दादा आता हिंजवडीत आहे आणि त्याचा तबला माळ्यावर, शाई उडालेली. बाबांवर माझा राग वगैरे नाही हं, त्या घरात त्या काळी ते जे होते ते होते. पण जो मॅडनच्या घरात पोरीच्या हातात व्हिसल आली हे वाचल्यावर पोटात कुठेतरी हललं, एवढंच.

बरं. संगीत कसं आहे ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती गोष्टी सांगतेय.

ही सीडी म्हणजे बँडचा अल्बम नाहीये, वेगवेगळ्या वादकांची तुकड्या-तुकड्यांची रेकॉर्डिंगं. त्यामुळे ती सलग गुळगुळीत नाही, काही ठिकाणी जरा कोरडी वाटते, आणि मला तेच आवडतं. गाडीत ऐकताना असं वाटतं की एका मोठ्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललोय. प्रस्तावना नसते, आलाप नसतो, धाडकन सुरू. दोन-तीन चाली एकामागोमाग न थांबता जोडतात त्याला ते सेट म्हणतात, आणि पहिल्या चालीवरून दुसऱ्या चालीवर उडी मारतात तो क्षण म्हणजे सगळी गंमत. लय तीच, पण स्वर बदलतो, एकदम खिडकी उघडल्यासारखं. मैफिलीत लोक नेमके तिथेच ओरडतात. आपण तिहाई समेवर आली की मान हलवतो तसं.

जिग ही सहा मात्रांची, तीन-तीनचे दोन गट. म्हणजे सरळ सरळ दादरा. धा धिं ना, धा तूं ना. मी स्टिअरिंगवर वाजवून बघितलं, बसतो, अगदी चपखल बसतो, फक्त नाचाच्या वेगात वाजवली तर एका सेकंदाला जवळजवळ एक आवर्तन, बोटं तुटायची पाळी. रील असते ती चारची, पळणारी, तिला केरवा चालतो. आणि स्लिप जिग म्हणून एक प्रकार आहे नऊ मात्रांचा, तीन तीन तीन, तो ऐकताना पायाखालची जमीन जरा सरकल्यासारखी वाटते. त्यांच्या नाचाच्या स्पर्धांमध्ये स्लिप जिग मऊ बूट घालून बहुतकरून मुलीच नाचतात. नऊचा ताल पोरींना दिलाय, सोपं ते नाही दिलं, हे बघून बरं वाटलं.

आणि स्वर सजवायची पद्धत. व्हिसलवर एक स्वर लांब धरायचा असेल तर ते नुसता धरत नाहीत, मध्येच वरचं बोट क्षणभर उचलतात, मग खालच्या भोकावर बोट टिचकीसारखं आपटतात, असा पाच कणांचा गुच्छ होतो, त्याला रोल म्हणतात. आपले कण आणि मुरकी त्याच गल्लीतले, पण आपल्याकडे एका स्वरातून दुसऱ्यात ओघळत जाण्याला किंमत आहे आणि यांच्याकडे ताल न सोडता स्वराला चिमटा काढण्याला. जोनी मॅडनचे रोल ऐका, म्हणजे उकळत्या तेलात मोहरी पडल्यावर कसं तडतड होतं आणि तरी एक दाणा बाहेर उडत नाही.

हे सगळं मला कसं कळलं? कारण मी शहाणपणा करून व्हिसल विकत घेतली. पंधरा डॉलर. सहा भोकं, पितळेची नळी, प्लॅस्टिकचं तोंड. मी म्हटलं, अरे, आपल्या बासरीलाही सहाच भोकं, शेजारच्या काकांची मी लहानपणी पुष्कळ फुंकलीये, येईल. इथेच फसले. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा, आणि सहाही बंद केली की खालचा पंचम. यांच्याकडे सहाही बंद म्हणजेच त्यांचा सा, त्यांच्या भाषेत डी. माझ्या बोटांना ते पटेचना. डोकं म्हणतंय डी, बोटं म्हणतायत पंचम, आणि बाहेर जे आलं ते ऐकून मांजर सोफ्याखाली गेलं. जरा जोरात फुंकलं की वरच्या सप्तकात उडी, जरा हळू फुंकलं की गळा बसलेल्या कोकिळेसारखा आवाज. नवरा म्हणाला गाडीतली सीडी बरी. तीन महिन्यांनी एक जिग येते मला, अर्धी.

त्या अर्ध्या जिगच्या जोरावर एका गुरुवारी मी मॅक्लीन अव्हेन्यूवरच्या पबमधल्या सेशनला गेले. वाजवायला नाही, नुसतं बसायला. कोपऱ्यात टेबल, भोवती आठ-नऊ जण, दोन फिडल, एक बासरी, एक अकॉर्डियन, एक गिटार, तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे श्रोत्यांकडे पाठ. कोणीच कागद बघत नव्हतं. एकजण सुरू करायचा आणि ज्यांना येतं ते दोन-चार मात्रांत आत शिरायचे, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून शांत बसायचे, हा अलिखित नियम. टोळीत पाच बायका होत्या आणि सेट सुरू करायचं काम बहुतेक वेळा एक साठीची बाई करत होती, पांढरे केस, पायात नर्सचे बूट, बहुतेक ड्यूटीवरून थेट आलेली. मी विचारलं आत्ताच्या चालीचं नाव काय, तर तिनं फिडल तसंच हनुवटीखाली ठेवून जरा विचार केला आणि म्हणाली, बाबांकडून शिकले, त्यांना पण नाव माहीत नव्हतं. आणि लगेच पुढची सुरू.

बाबांकडून. परत तेच.

बँडच्या पुढच्या अल्बमांबद्दल थोडं सांगते, कारण त्यातला एक मला १९८५च्या सीडीइतकाच जवळचा आहे. १९९२चा 'द बॅक डोअर'. म्हणजे मागचं दार. त्याचं शीर्षकगीत कॅथी रायननं लिहिलंय, ती तेव्हा बँडची गायिका होती, डेट्रॉइटला वाढलेली आयरिश आईबापांची मुलगी. गाणं आहे १९८०च्या दशकात आयर्लंडमध्ये कामधंदा नव्हता म्हणून अमेरिकेत आलेल्या आणि कागदांशिवाय राहिलेल्या पोरापोरींवर. टुरिस्ट म्हणून यायचं, परत जायचं नाही, बांधकामावर किंवा लोकांची मुलं सांभाळायला, आणि आई आजारी पडली तरी घरी जाता येत नाही कारण एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. हे वाचून तुम्हाला कोण आठवलं मला माहीत नाही, मला आमच्या बिल्डिंगमधले चार वेगवेगळ्या देशांचे लोक आठवले, आणि व्हिसाच्या स्टँपिंगच्या भीतीनं सासऱ्यांच्या दिवसांना न जाऊ शकलेली माझी एक मैत्रीण. आमचे कागद व्यवस्थित आहेत हो, पण तारखांची ती भीती कुठल्याही व्हिसावाल्याला ओळखीची असते. त्या आयरिश पोरांचं मात्र नंतर बऱ्यापैकी सुटलं, १९९०च्या इमिग्रेशन कायद्यातून तीन वर्षांत जी लॉटरी व्हिसा दिली गेली त्यात ४० टक्के आयरिश लोकांसाठी राखून ठेवली होती, ४८,०००. राजकारणात वजन असलं की दार पुढचंही उघडतं. हे मी कडवटपणे म्हणत नाहीये. बरं, थोडं म्हणतेय.

या बँडबद्दल एक गोष्ट मला खटकते ती पण सांगते. नंतरच्या काही अल्बमांत सगळं फार झगझगीत केलंय, मांडणी दाट, कुठे श्वास घ्यायला जागा नाही, आणि स्टेजवर नाचणाऱ्या मुलामुलींसकट पूर्ण शो असतो. लोकांना आवडतो, आवडू दे, जोनी मॅडन स्टेजवर विनोद सांगायला लागली की हॉल गडगडतो आणि चाळीस वर्षं बँड ओढायचा तर तिकिटं विकायला लागतातच. पण मला मॅडन एकटी, व्हिसलवर, संथ चाल वाजवताना हवी असते. तिचे स्वतःचे व्हिसलचे अल्बम आहेत तसले, १९९०च्या दशकातले, ते रात्री भांडी घासताना लावा. २०२१ला तिला अमेरिकेतला लोककलेचा सर्वोच्च मानला जाणारा राष्ट्रीय सन्मान मिळाला, तोच जो तिच्या गुरूंना, जॅक कोएनना, १९९१ला मिळाला होता. मलोनीला १९९९ला. आणि शिकागोच्या लिझ कॅरलला, तीही त्याच पिढीतली जबरदस्त फिडलर, १९९४ला.

आता कुणी म्हणेल की झालं की मग, बायका आल्या, जिंकल्या, प्रश्न मिटला. तर २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये खुद्द वादक-गायिकांनीच एक चळवळ सुरू केली, फेअरप्ले असं नाव, कारण उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका काढून बघितल्या तर परत सगळे बाप्येच. क्लासमध्ये पोरी भरपूर, स्टेजवर आणि पैशाच्या जागी कमी. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्या इथल्या गणेशोत्सवात ढोल वाजवणाऱ्या निम्म्या बायका आहेत आणि कमिटीत बघायला जावं तर चहाचं डिपार्टमेंट.

तर मूळ मुद्दा, म्हणजे मुद्दा असा काही नाही, पण गेल्या रविवारी काय झालं ते सांगून थांबते. रविवारी सकाळी म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. आम्ही नेमके गाडीत होतो, पार्किंगमध्ये, नवरा आत सामान आणायला गेलेला, आणि सीडी अर्थातच चालू. बाबा म्हणाले, "काय गं ते, बंद कर, ऐकू येईना तुझं." मी बंद करायला हात नेला तर म्हणाले, "थांब थांब. दादरा आहे का तो?"

मी म्हटलं, "हो बाबा, दादराच. वाजवा की."

ते पलंगावर बसले होते, समोर स्टीलचं ताट होतं, शेंगा सोलत होते बहुतेक. ताट पालथं घातलं आणि सुरू. फोनचा आवाज उशिरा पोहोचतो त्यामुळे त्यांचा धा माझ्याकडे दीड मात्रा मागून येत होता, म्हणजे दोन्हीकडून भयानक, लेक मागे पोट धरून हसत होती, आणि बाबा डोळे मिटून एकदम गंभीर. दोन फेऱ्या झाल्या. दमले. म्हणाले, "फार पळवतात. कोण आहे हा?"

"ही," मी म्हटलं. "बाई आहे. वडलांच्या घरातच शिकली."

यावर काही बोलले नाहीत. ताट सरळ केलं, शेंगा परत त्यात भरल्या. मग म्हणाले, "पण ही श्वास कुठे घेते?"

अख्ख्या घरात हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. मी पण तीन महिने फुंकल्यावर कळलेलं सांगितलं, की श्वासाला वेगळी जागा नसतेच, मध्येच एखादा स्वर गाळायचा आणि तेवढ्यात घ्यायचा, कुठला गाळायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि चांगली वाजवणारी असा गाळते की ऐकणाऱ्याला तो ऐकू आल्यासारखाच वाटतो.

बाबा म्हणाले, "म्हणजे चढ्या लयीत आपले बुवा विठ्ठलमधला ठ खातात, तसं."

"तसंच."

"मग तू कुठला खातेस?"

मी म्हटलं मला अजून अर्धीच येते. तर म्हणाले अर्धी तर अर्धी, घरी गेलीस की वाजवून दाखव, मी ताट इथेच ठेवतो.